मातीवरची झिलई

कैऱ्या बाजारात आल्या की घरोघरी माळ्यावरून बरण्या खाली उतरतात. धुऊन-पुसून, उन्हात वाळवून, हिंगाची धुरी देऊन त्या सज्ज होतात. मोहरी किती, मीठ किती, तेल कच्चं की तापवून गार केलेलं, यावर आपली भरपूर चर्चा होते. पण जिच्या भरवशावर वर्षभराचं लोणचं सोडून देतो त्या बरणीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. ‘चिनी मातीची आहे’ एवढं म्हटलं की विषय संपला!

मैत्रिणींनो, आज जरा त्या बरणीच्या अंगावरच्या चकाकीबद्दल बोलूया. या चकाकीला मराठीत झिलई म्हणतात, कारखान्यात आणि बाजारात ‘ग्लेझ’ म्हणतात. आपल्याला वाटतं ती शोभेसाठी असते. खरं तर शोभा ही तिची दुय्यम कामगिरी. तिचं खरं काम वेगळंच आहे आणि ते प्रत्येक चकाकत्या भांड्याला जमतंच असं नाही. म्हणूनच हे सगळं समजून घ्यायला हवं.

आधी झिलई नसलेल्या भांड्याकडे बघू. आपला उन्हाळ्यातला माठ. कुंभाराच्या आव्यात साधारण सातशे ते नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत भाजलेली ही माती. एवढ्या आचेवर माती पक्की होते, पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण तिच्या कणाकणांमधली बारीक भोकं उघडीच राहतात. त्यातून पाणी पाझरतं, बाहेर येऊन वाफ होतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. म्हणून माठातलं पाणी गार. याच माठाला कोणी आतून-बाहेरून झिलई दिली, तर तो दिसेल सुंदर, पण पाणी काही गार करणार नाही. दह्याचंही तसंच. मातीच्या गाडग्यात दही घट्ट लागतं, कारण जास्तीचं पाणी माती पिऊन टाकते. म्हणजे झिलई नसणं हा काही दोष नाही, तिथे तोच गुण आहे.

आता त्याच माठात मीठ भरून ठेवा. थोड्याच दिवसांत बाहेरून पांढरा खार फुटतो. तेल ठेवा, माती ते शोषून घेते आणि पुढे ते खवट होऊन असा वास धरते की कितीही घासा, जात नाही. लोणच्यात तर मीठ, तेल आणि आंबट तिन्ही एकत्र! पितळेत ठेवावं तर कळकतं, लोखंडात ठेवावं तर काळं पडतं. मग पितळेला जशी कल्हई, तशी मातीला झिलई. भांडं आणि पदार्थ यांच्यामधला पडदा. कल्हई धातूची असते, झिलई काचेची, एवढाच फरक.

होय, झिलई म्हणजे काचच. भांड्याच्या अंगावरच वितळवलेली, पातळ, मातीला घट्ट धरून बसलेली काच.

ती तयार कशी होते, हे आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सांगते. काचेचा मुख्य घटक म्हणजे गारगोटीची भुकटी. पण गारगोटी एकटी वितळायला सतराशे अंशांच्याही वर तापमान लागतं. तेवढ्या आचेला भांडंच टिकणार नाही. म्हणून तिला लवकर वितळवणारा एखादा सोबती मिसळावा लागतो. फेल्डस्पार नावाचा दगड, चुनखडी, लाकडाची राख, सोडा, टाकणखार आणि शिसं असे हे वेगवेगळे सोबती. तिसरा घटक म्हणजे थोडी चिनी माती. ती वितळलेल्या काचेला दाटपणा देते. चिरोट्यावरचा पाक आठवा. फार पातळ झाला तर ओघळून ताटात जमतो, फार घट्ट झाला तर पसरतच नाही. झिलईचंही अगदी तसंच. भट्टीत ती वितळली पाहिजे, पण उभ्या बरणीवरून ओघळून खाली यायला नको.

या सगळ्याची भुकटी पाण्यात कालवून ताकासारखी किंवा सायीसारखी करतात. भांडं बहुधा एकदा कोरडं भाजून घेतलेलं असतं. ते पाणी शोषतं, त्यामुळे या मिश्रणात बुडवून काढलं की काही सेकंदांतच अंगावर पांढरट थर बसतो. आतून झिलई द्यायची तर मिश्रण आत ओतायचं, फिरवायचं आणि उरलेलं उपडं करायचं. मोठ्या भांड्यावर वरून ओततात, नक्षीदार कामाला ब्रश वापरतात, कारखान्यात फवारतात. काही ठिकाणी पहिली भाजणी टाळून कच्च्या, वाळलेल्या भांड्यालाच झिलई देतात आणि एकदाच भाजतात. त्यात जळण वाचतं, पण हात फार सराईत लागतो.

आपल्या कपाची बूड उलटी करून बघा. खाली एक खरखरीत, बिनचकाकीची गोल कडा दिसेल. तो काही कामचुकारपणा नव्हे. तिथली झिलई मुद्दाम ओल्या स्पंजने पुसून घेतात, किंवा तिथे आधीच मेण लावतात. नाहीतर वितळलेली काच भट्टीतल्या फळीला चिकटेल आणि कप फोडूनच काढावा लागेल. बरणीचं झाकण जिथे टेकतं तिथेही बऱ्याचदा अशीच उघडी कडा असते, कारण पुष्कळदा झाकण बरणीवर ठेवूनच भाजलेलं असतं. ती कडा ओल शोषते. लोणचं काढल्यावर ती कोरड्या फडक्याने पुसायची आणि वर दादरा बांधायचा, हा आपल्या आज्यांचा शिरस्ता किती शास्त्रशुद्ध होता बघा!

आपली ती ओळखीची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरट, ही दगडी जातीची चिनी माती. इंग्रजीतला ‘स्टोनवेअर’. ती बाराशे ते तेराशे अंशांच्या आसपास भाजतात. इतक्या आचेवर अंगची मातीच जवळजवळ दगड होते, भोकं बुजतात आणि वरची झिलई तिच्याशी एकजीव होते. अंगाला एका झिलईत बुडवायचं आणि गळ्याला दुसऱ्या, तपकिरी रंगाच्या झिलईत. झाली दुरंगी बरणी! तो तपकिरी रंग लोहाचा, म्हणजे गंजाच्याच जातभाईचा.

या बरण्या येतात प्रामुख्याने गुजरातेतल्या थान आणि वांकानेर भागातून आणि उत्तर प्रदेशातल्या खुर्जा इथून. थानच्या गोष्टीत एक मराठी धागा आहे. तिथली माती या कामाची आहे हे ओळखून १९१३च्या सुमारास परशुराम गणपुले या मराठी माणसाने तिथे पॉटरीचा कारखाना उभारला. आज तो सारा परिसर चिनी मातीच्या उद्योगासाठी देशभर ओळखला जातो.

झिलई देण्याची आणखी एक गमतीदार रीत आहे मिठाची. भट्टी बाराशे अंशांच्या पुढे तापली की तिच्यात चक्क मीठ टाकतात. त्याची वाफ होते, मिठातलं सोडियम भांड्याच्या मातीतल्या गारगोटीला धरतं आणि तिथल्या तिथे काच तयार होते. आधी काही लावायला नको, बुडवायला नको. या झिलईचा पोत संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत असतो. युरोपात जर्मनीच्या ऱ्हाइन खोऱ्यात ही रीत काही शतकांपूर्वी रुजली. आपल्याकडे तिचं रोजच्या पाहण्यातलं उदाहरण म्हणजे जुन्या ड्रेनेजचे तपकिरी, चकचकीत पाइप! मात्र या रीतीत आम्लाचा विषारी धूर निघतो, म्हणून वस्तीत ती करणं बरं नव्हे.

रंगांचीही एक दुनियाच आहे. कोबाल्टने निळा येतो. तांब्याने हिरवा येतो, पण भट्टीतली हवा कोंडून धूर केला तर त्याच तांब्याचा लाल होतो. लोहाने पिवळसरपासून काळ्यापर्यंत, मँगनीजने जांभळट तपकिरी, कथलाने दुधी पांढरा. कच्च्या झिलईत यांपैकी बहुतेक रंग राखाडी, मातकट दिसतात. भट्टी उघडेपर्यंत काय निघेल ते नेमकं कळत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. वर मी झिलईच्या सोबत्यांमध्ये शिशाचं नाव घेतलं. हजारो वर्षं कुंभारांना हा सोबती फार लाडका होता. शिशामुळे झिलई कमी आचेवर वितळते, जळण वाचतं, थर गुळगुळीत बसतो, चुका झाकल्या जातात आणि चमक अशी येते की बघत राहावं. शेंदूर आणि मुर्दाडशिंग या आपल्या ओळखीच्या वस्तू. दोन्ही शिशाच्याच आणि दोन्ही झिलईत वापरल्या गेल्या आहेत.

अडचण अशी की असं भांडं नीट जुळवून, नीट भाजलेलं नसेल तर आंबट पदार्थ त्यातलं शिसं बाहेर काढतो. चिंच, लिंबू, कोकम, व्हिनेगर, टोमॅटो, ताक. जितकं आंबट आणि जितका जास्त वेळ, तितकं जास्त शिसं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. १९७० साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात कॅनडातल्या मॉन्ट्रियलची एक घटना प्रसिद्ध झाली. घरात सफरचंदाचा रस झिलईच्या मातीच्या जगमध्ये ठेवत असत. तो रस पिणारं लहान मूल शिशाच्या विषबाधेने दगावलं. रस चांगला होता, आई काळजी घेणारी होती, जगही दिसायला सुंदर होता. दोष होता तो झिलईत. मेक्सिकोत तर शिशाच्या झिलईची भांडी ही रोजच्या स्वयंपाकातली परंपरा. तिथे मुलांच्या रक्तात शिसं सापडण्यामागचं ते एक मोठं कारण ठरलं आणि आता कुंभारांना बिनशिशाची झिलई शिकवण्याचं काम तिथे चालतं.

शिशाची बाधा एकदम दिसत नाही. मुलांची बुद्धी आणि लक्ष मंदावतं, रक्त कमी होतं, पोट दुखतं. आपण म्हणतो, ‘अभ्यासात लक्षच नाही याचं!’ बाईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि बाळापर्यंत पोचतं. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी नाही. युनिसेफ आणि ‘प्युअर अर्थ’ या संस्थेच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात काळजी करावी इतकं शिसं आहे. ते सगळं भांड्यांतून आलेलं नाही. बॅटऱ्या, रंग, भेसळीचे मसाले अशी अनेक कारणं आहेत. पण भांडं हे एक कारण निश्चित आहे आणि ते आपल्या हातातलं आहे.

हे सगळं शोधायची वेळ माझ्यावर आली ती आमच्या बचत गटामुळे. गटातल्या बायका लिंबाचं गोड लोणचं फार सुरेख करतात. एका प्रदर्शनासाठी त्यांनी ठरवलं की लोणचं काचेच्या बाटलीऐवजी छोट्या, हिरव्यागार चकचकीत मडक्यांतून विकायचं. मडकी एका जत्रेतल्या दुकानातून घाऊक आणली होती. दिसायला इतकी गोजिरी की कोणीही उचलावी. पण एक मावशी म्हणाल्या, “ताई, ही हलकी लागतात हो हाताला. वाजवली तर भद्द वाजतात.” त्यांचं माहेर कुंभाराचं. आम्ही विक्रेत्याला विचारलं, झिलई कसली? उत्तर मिळालं, “चिनी मातीचीच आहे बाई, काही होत नाही!”

मग आम्ही एक साधा प्रयोग केला. एका मडक्यात लिंबाची फोड चिकटवून रात्रभर ठेवली. सकाळी फोड उचलली तर तिच्याखालची चमक गेलेली, तिथे फिक्कट धुरकट डाग. म्हणजे आंबटाने ती झिलई खाल्ली होती! त्यात शिसं होतं की नव्हतं हे या प्रयोगाने कळत नाही. पण रात्रभरात जी झिलई लिंबापुढे हार मानते, तिच्यात सहा महिने लोणचं कसं ठेवायचं? शिवाय तांब्याचा हिरवा रंग शिशाच्या झिलईत असला तर शिसं आणखी सहज सुटतं, हेही वाचनात आलं होतं. बायकांचा हिरमोड झाला, पैसे गुंतले होते. शेवटी लोणचं काचेच्या बाटल्यांतून विकलं आणि मडक्यांत मेणबत्त्या ओतून त्या दिवाळीत खपवल्या. “आपली पोरंही हेच लोणचं खातात ना, मग दुसऱ्याच्या पोरांना कसं द्यायचं?” असं गटातली सगळ्यात धाकटी मुलगी म्हणाली, तेव्हा कोणाचीच तक्रार उरली नाही.

म्हणून सगळी झिलईची भांडी टाकून द्यायची का? मुळीच नाही. उंच आचेवर भाजलेली दगडी बरणी लोणच्यासाठी आजही उत्तम. तिच्या झिलईला वितळायला शिशाची गरज नसते, फेल्डस्पारवर काम भागतं. कमी आचेच्या भांड्यांसाठीही आता टाकणखारावर आधारलेली, आधी वितळवून दळलेली बिनशिशाची झिलई तयार मिळते. प्रश्न झिलईचा नाही, कोणती आणि कशासाठी याचा आहे. जयपूरची निळी पॉटरी घ्या. ती मातीची नसतेच मुळी. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती असं मिश्रण कमी आचेवर भाजलेलं असतं. कृपालसिंह शेखावत यांनी या कलेला नवं आयुष्य दिलं आणि १९७४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती कला डोळ्यांनी अनुभवावी, भिंतीवर, टेबलावर मिरवावी. तिच्यात चिंचेचा कोळ ठेवू नये, एवढंच.

हल्ली एक नवीनच प्रकार दिसतो. साध्या मातीच्या मडक्याला रंग देऊन वर वॉर्निश मारतात आणि ‘ग्लेझ्ड’ म्हणून विकतात. ही झिलई नव्हे, हा रंग. भट्टीत वितळलेली काच आणि ब्रशने लावलेलं वॉर्निश यांत जमीन-अस्मानाचा फरक. पणत्या, कुंड्या, फुलदाण्यांना ते चालेल, खाण्यापिण्याला नाही. बचत गटांतून असं काम करणाऱ्या मैत्रिणींनी ‘फक्त शोभेसाठी’ अशी चिठ्ठी जरूर लावावी. त्याने गिऱ्हाईक कमी होत नाही, उलट विश्वास वाढतो.

आणि ज्यांना खरोखर हे काम शिकायचंय त्यांच्यासाठीही वाटा आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला गांधीवादी कार्यकर्ते कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५०च्या दशकात ग्रामोदय संघ उभा केला आणि कुंभारकामाला नव्या तंत्राची जोड दिली. पुदुच्चेरीत १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीतून शिकलेले कलाकार देशभर काम करताहेत. कोलकात्याच्या केंद्रीय काच आणि मृत्तिका संशोधन संस्थेचं एक केंद्र खुर्जातच आहे. शिकताना एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. झिलईची कोरडी भुकटी हवेत उडू देऊ नका. गारगोटीची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसांत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. भुकटी कालवताना चांगला मास्क लावा आणि ते काम स्वयंपाकघरात कधीही करू नका.

बरणी किंवा झिलईचं भांडं घेताना

* बोटाच्या पेराने वाजवून बघा. उंच आचेचं, बिनतड्याचं भांडं टणटणतं. भद्द आवाज आला तर माती कच्ची तरी आहे किंवा तडा तरी आहे.
* बुडाच्या उघड्या कडेवर पाण्याचा थेंब टाका. झटकन शोषला गेला तर ते कमी आचेचं भांडं. त्यात लोणचं, चिंच, कोकम नको.
* आत बोट फिरवा. टोचरे खड्डे, झिलई सुटलेली जागा, पापुद्रे असतील तर घेऊ नका.
* जुन्या भांड्यात हळदीचं पाणी तासभर ठेवून धुऊन टाका. पिवळ्या बारीक रेषांचं जाळं दिसलं तर झिलईला भेगा आहेत. त्यात आता कोरडे जिन्नस ठेवा.
* लिंबाच्या फोडीने रात्रभरात चमक गेली किंवा रंग बदलला तर ते भांडं खाण्यासाठी बाद. चमक टिकली तरी ‘शिसं नाही’ असं सिद्ध होत नाही. ते फक्त प्रयोगशाळेतच कळतं. तिथे भांड्यात चार टक्के ॲसिटिक आम्ल चोवीस तास ठेवून, त्यात किती शिसं उतरलं ते मोजतात.
* आतून भडक लाल, केशरी किंवा हिरवं असलेलं स्वस्त भांडं खाण्यासाठी टाळा. रंग बाहेर असावा, आतली बाजू साधी असावी.
* बरणी गॅसवर ठेवू नका, कडकडीत फोडणी तिच्यात ओतू नका. काच आणि माती कमी-जास्त प्रसरण पावतात आणि तडा जातो. फोडणी पूर्ण गार करूनच घाला.
* बाळाच्या खाण्यासाठी शंका असलेलं कोणतंही रंगीत भांडं वापरू नका. स्टीलची वाटी सगळ्यात बरी.